पान एक्केचाळीसपर्यंत

सुधाकर गावंडे गेल्याचा फोन त्याच्या मुलीचा, प्राजक्ताचा आला, तेव्हा मी अकोल्यात घरी पेपर वाचत होतो. सकाळचे साडेआठ वाजले होते. अमरावतीच्या घरी तो एकटाच राहत होता. दार उघडत नाही हे आधी दूधवाल्याच्या लक्षात आले. "काका, बाबा गेले," ती म्हणाली, आणि मग, "टेबलावर तुमचे कागद तसेच आहेत..." या गोष्टीला आता सहा आठवडे होतील.

चांदूर रेल्वेच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो अमरावतीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागला, मी अकोल्याला वर्तमानपत्रात मुद्रितशोधन करू लागलो. निवृत्तीनंतर त्याने एक संगणक-प्रोग्राम लिहायला घेतला. अणुभट्टीत अणू फुटतात. त्यांचे तुकडे स्थिर होताना प्रतिन्यूट्रिनो नावाचे कण बाहेर पडतात आणि भिंत, डोंगर, माणूस असे सगळ्यांतून आरपार जातात. कोणत्या ऊर्जेचे किती कण निघतील, याचा आलेख हा प्रोग्राम काढतो. सुधाकरने अणुभट्टी कधी पाहिली नव्हती. प्रोग्राम त्याने इंटरनेटवर मोफत ठेवला. वापरणारे मोजके, बहुतेक परदेशातले. हा माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करतो, असा गल्लीचा समज होता. तो त्याने खोडून काढला नाही, उलट दोन-तीन प्रिंटर दुरुस्त करून दिले.

प्रत्यक्ष मोजणीच्या आलेखात एका जागी उंचवटा येतो. गणिताने काढलेल्या आलेखात, सुधाकरच्याही, तो येत नाही. का, यावर जगभर वाद आहे. सुधाकरची शंका साधी होती. अणूंच्या आकड्यांची बावन्न पाने त्याने जुन्या छापील तक्त्यांवरून हाताने टाइप केली होती. "जगाचं काय ते जग पाहीन," तो म्हणाला, "माह्या टायपिंगची चूक तं नाही ना, येवढं मले कळू दे." त्यासाठी त्याला मी हवा होतो. छापखान्याची रीत त्याला मीच कधीतरी सांगितली होती : एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने समोरच्या कागदावर ताडायचे. एकट्याची नजर स्वतःची चूक माफ करते.

मग दर रविवारी मी एसटीने अमरावतीला जाऊ लागलो. "इट्रियम शहाण्णव. सात, एक, शून्य..." प्रत्येक ओळीनंतर तो लाल पेन्सिलीची खूण करी आणि "हं" म्हणे. "हं" आल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. एकदा माझा सूर बदलला, तर म्हणाला, "बातमी काहून वाचून राहिला बे? आकडा वाच." चार चुका सापडल्या, उंचवटा आणण्याइतकी एकही नव्हती. मी निघालो की प्रोग्रामच्या माहितीपानावरची एक ओळ तो बदलत असे : आकडे दोघांनी ताडले आहेत, पान अमुकपर्यंत.

पान एक्केचाळीसनंतर मी गेलो नाही. गुडघा दुखतो, असे फोनवर सांगितले.

"गुडघ्यानं वाचतं का तू?"

"एसटीत पाय आखडतो रे."

"मंग फोनवर वाच."

"फोनवर आकडे चुकतात."

"हे खरं हाय," तो म्हणाला. नियम मोडायला तोही तयार नव्हता. गुडघा फारसा दुखत नव्हता. मला कंटाळा आला होता. तो दर शनिवारी विचारी, मी पुढच्या रविवारचे सांगे. असे पाच महिने गेले.

प्राजक्ताने घर आवरायला काढले तेव्हा मी तीन दिवस अमरावतीला राहिलो. त्याच टेबलावर उरलेली अकरा पाने वाचली, आणि ताडलीही मीच. चूक सापडली नाही. प्रोग्रामचा ताबा आता तिच्याकडे आहे. तिने विचारले, "काका, त्या ओळीत बावन्न करू का?"

"नको," मी म्हणालो. "तिथं 'दोघांनी' असं लिहिलं आहे. एक्केचाळीसच राहू दे."

ती ओळ अजून तशीच आहे. अकरा पानांच्या झेरॉक्स मी अकोल्याला घेऊन आलो. रविवारी एखादे पान काढतो आणि मोठ्याने वाचतो. "सिझियम एकशे बेचाळीस. सात, तीन..." ओळ संपते. एका "हं"ला लागेल तेवढा वेळ थांबतो, आणि पुढची वाचतो.