ताईची भुरी

लाँड्रीवाल्या मावशींची थोरली बहीण जाऊन दीड वर्ष झालं होतं. मागे राहिली ती तिची भुरी कुत्री. मावशींना कुत्र्यांचा मुळीच लळा नव्हता. "ताईची आहे म्हणून ठेवलीय," असं त्या येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायच्या आणि जेवताना पहिला घास भुरीलाच द्यायच्या.

फिरायला निघालं की भुरी ताईच्या जुन्या गल्लीकडे ओढायची. मावशी साखळी आवळून दुसरीकडे वळायच्या. त्या घराकडे बघणं त्यांच्या जिवावर यायचं.

एका सकाळी भुरी जिन्यातच भेलकांडून पडली. हिरड्या पांढऱ्याफटक, पोट टम्म. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. हृदयाला चिकटून गाठ होती. तिच्यातून झिरपणारं रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचून हृदयाला धड पसरायलाही जागा उरली नव्हती. बाईंनी सुईने ते काढलं, तशी भुरीने मान उचलली, शेपटीही हलवली. मावशींचा जीव भांड्यात पडला.

"पुन्हा साचेल," बाई हलकेच म्हणाल्या. "गाठ काढण्यासारखी नाही. तिला दमवू नका. आवडेल ते करू द्या."

भुरीला काय आवडतं, ते मावशींना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं, कपड्यांच्या हातगाडीत चादर अंथरून भुरीला बसवलं आणि गाडी ताईच्या गल्लीत नेली. दाराचा रंग नवा, पडदे परक्यांचे. भुरीने पायरीचा कोपरान् कोपरा हुंगला आणि दाराकडे तोंड करून बसली. मावशीही शेजारी टेकल्या. आतून एक तरुण बाई आली. मावशींनी ओशाळून सांगितलं, इथे माझी बहीण राहायची. तिने पाण्याचं भांडं आणून भुरीपुढे ठेवलं.

ती आत गेल्यावर मावशी भुरीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "नाहीये गं ती आत. मीही तिचीच वाट बघतेय."

आणि इतके महिने अडवून धरलेलं रडू फुटलं.

त्यानंतर दोघी रोज तिथे जायच्या. मध्ये एकदा पुन्हा रक्त काढावं लागलं. पुढच्या वेळी मात्र हृदयानेच हात टेकले. इस्त्रीच्या टेबलाखाली, मावशींच्या पावलांवर मान टाकून भुरी गेली.

गिऱ्हाइकं म्हणाली, एखादं पिल्लू आणा. मावशी विषय बदलायच्या. ताईच्या पावलांचा आवाज ओळखणारं आता त्यांच्याखेरीज कुणीच उरलं नव्हतं. जिन्यात पावलं वाजली की इस्त्री बाजूला धरून त्या कान द्यायच्या. पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची.