मधे कुणीतरी आहे

सुमित्रा साळवे गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहात साखर ढवळत होतो. फोन तिच्या मुलीचा, मंजूषाचा. "काका, आई गेली... पहाटे, झोपेतच." मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्म घालवलेला माणूस, गोडाचं अप्रूप कधीच संपलेलं; पण त्या दिवशी मी साखर ढवळतच राहिलो आणि चहा निवून गेला. देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. बुद्धवंदना झाली की तिचे वडील तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे, आणि एक जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे असेल, पण ही बाई एकदा का आपलं बरोबर आहे म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हटायची नाही. पुढे मी कारखान्यात केमिस्ट झालो, ती जवळच्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागली.

नव्वदीच्या दशकात, एसटीडी बूथबाहेर रांगा लागायच्या त्या काळात, हिला क्वांटमचं वेड लागलं. भेटली की तेच. प्रकाशाचे कण एकेक करून पाठवायचे, प्रत्येकाचा कल, म्हणजे तो कुठल्या दिशेनं कंप पावणार ते, आपण ठरवायचा. मधे कुणी चोरून वाचायला गेला की कल बिघडतो आणि चोरी आपोआप उघडी पडते. म्हणजे कुणालाही गुपचूप फोडता न येणारा निरोप! मी म्हणायचो, "सुमे, आपल्या गावात कुणाच्या घरी काय शिजलं हेसुद्धा गुपित राहत नाही, तुझा निरोप कुणाला हवाय?" ती चिडायची नाही. म्हणायची, "कागदावर किती दिवस ठेवायचं रे हे? वापरता आलं पाहिजे." आणि मग मुद्द्यावर यायची. तिला माझ्या प्रयोगशाळेतला पोलरीमीटर हवा होता. उसाचा रस काचेच्या नळीत भरून त्यात ठेवायचा आणि रसात साखर किती, हे मोजायचं. साखरेतून जाताना प्रकाशाचा कल वळतो. जितकी साखर जास्त तितका जास्त वळतो. कल नेमका ठरवणारं आणि नेमका वाचणारं असं यंत्र आमच्या पंचक्रोशीत कारखान्याशिवाय होतं कुणाकडे? मंद उजेड टिपणारं एक मोडीत निघालेलं उपकरण तिनं पुण्याहून आणून त्याला जोडलं. आजचे जाणकार म्हणतील, हा नुसता नमुना. असू दे! त्या नमुन्यासाठी तिनं काय काय ऐकून घेतलं ते मी पाहिलंय.

कारण प्रश्न तिच्या खोलीचा होता. कॉलेजच्या टोकाला, खिडक्यांना काळा कागद डकवलेली ती अंधारी खोली म्हणजे तिचं सगळं काम. संस्थेला तिथे संगणकाचा वर्ग काढायचा होता. शेवटी प्राचार्यांनी तोडगा काढला : विद्यापीठातले एक ज्येष्ठ प्राध्यापक येणार आहेत, त्यांच्यासमोर प्रयोग करून दाखवा, जमला तर खोली तुमची, नाही जमला तर आवरायला घ्या. रंगीत तालीम छान झाली होती, यंत्र मी स्वतः नेलं-आणलं होतं. पण खरा प्रयोग ऐन गळिताच्या हंगामात आला. कारखाना सफाईसाठी बंद असतो त्या एका दिवसापुरतंच यंत्र मिळालं. मी साहेबांच्या सह्या घेत फिरत होतो, म्हणून आमचे प्रयोगशाळेतले जुने शिपाई रखमाजीमामा ते बांधून जीपमधून घेऊन आले.

मधे काळा पडदा. यंत्राच्या एका टोकाला ती, दुसऱ्याला मी. कण जाऊ लागले, मी वाचू लागलो. मग रीतीप्रमाणे तिनं पाठवलेल्या आणि मी वाचलेल्या थोड्या खुणा मोठ्यानं ताडून पाहिल्या... आणि जुळेचनात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाहुणे घड्याळ पाहत म्हणाले, "बाई, यंत्र दुरुस्त करून घ्या, मग बोलवा." सुमित्रा पडद्याबाहेर आली. आवाज शांत. "यंत्र ठीक आहे, सर. मधे कुणीतरी आहे." कुणीतरी फिसकन हसलं. तिनं यंत्राचं झाकण उघडलं, आतली काचेची नळी काढून उजेडात धरली. रिकामी असायला हवी ती नळी भरलेली होती! दारातून रखमाजीमामा कौतुकानं म्हणाले, "व्हय बाई, म्याच भरली. लेकीच्या घरी रिकामं भांडं धाडत्यात व्हय? साकरंचं पानी घातलंय. तुमचं काम ग्वाड व्हावं म्हनून."

मी कपाळावर हात मारला. सुमित्रा मात्र अशी हसली, अशी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघा सर, रस्त्यात साखर जरी आली तरी हे यंत्र चुगली करतं. आता तुम्हीच एक शब्द लिहा, मला एकटीला दाखवा." पाहुण्यांनी चिठ्ठीवर काहीतरी खरडलं. नळी बाजूला ठेवून आम्ही पुन्हा सुरू केलं. या खेपेला खुणा जुळल्या. मोठ्यानं न वाचलेल्या बाकीच्या खुणांची किल्ली करून तिनं तो शब्द कुलूपबंद केला आणि नुसते आकडे खणखणीत वाचले. आकडे सगळ्यांनी ऐकले, किल्ली मात्र तिच्याखेरीज फक्त माझ्याकडे. मी ताळा केला, शब्द मनातच वाचला आणि चोरून पाहुण्यांकडे पाहिलं. "वाच की रे!" ती ओरडली. मग मी वाचला : "थापा."

पाहुणे क्षणभर लाजले, मग उभे राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी त्यात भर घातली, सगळ्यांत जोरात रखमाजीमामांनी. खोली वाचली! त्या खोलीत शिकलेली एक मुलगी आज शहरा-शहरांमध्ये असे निरोप धाडायच्या कामावर आहे. याचा मला इतका अभिमान वाटतो, जणू ते मीच केलंय. कारखान्यात नवं यंत्र आल्यावर जुना पोलरीमीटर आम्ही कॉलेजलाच देऊन टाकला. ती नळी मात्र सुमित्राच्या टेबलावरच राहिली.

परवा भेटायला गेलो तेव्हा मंजूषानं ती नळी माझ्या हातात ठेवली. "कारखान्याची वस्तू आहे, दत्तूकाकांना परत दे, असं आई सांगून गेली." नळी जड लागली. मी पाहिलं, तर काठोकाठ भरलेली. "रिकामी देऊ नकोस, असंही सांगितलं होतं तिनं," मंजूषा म्हणाली.

मी घरी गेलो नाही, थेट कॉलेजात गेलो. अंधारी खोली अजून आहे. यंत्राचा दिवा लावला, रिकाम्या वाटेवर काटा शून्याला आणला. मग नळी आत ठेवली आणि भिंगाला डोळा लावला... शून्य ढळलं होतं. बाई खरंच सांगत होती. यंत्र ठीक आहे. मधे कुणीतरी आहे.