शंभराच्या वर

आज शेजारचा भोंगा फाटक्या आवाजात वाजला आणि माझ्या लेकीसोबतची, शेवंतासोबतची, एक जुनी दुपार आठवली. तिने लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरात स्वतःच्या आवाजात धानाच्या रोवणीचं गाणं भरलं होतं. लावलं तर नुसती खरखर.

"फेक तो डबा," मी म्हणाले.

तिने सेटिंग पाहिली आणि हसली. "माय, तूच आवाज शंभर टक्क्यांच्या वर नेला, लिनक्सात जाते तो. म्हणून फाटून राह्यला."

तिने तो कमी केला. मी कानांनी अधू, मला काहीच ऐकू येईना. मग तिने माझ्या कानाशी तोंड आणून सगळं गाणं म्हटलं. "पुरे आता," मी खेकसले.

शेवंता वारली, कॉम्प्युटर राहिला. शंभराच्या खाली ती मला ऐकू येत नाही. मी तिचा फाटकाच आवाज ऐकते.