मोटेवरची प्रार्थना

प्रार्थना सगळ्यांना येते असं लोक धरून चालतात. मला येत नव्हती. म्हणजे मनात यायची, जिभेवर यायची नाही. मी लहानपणापासून तोतरा, आणि त्यातही माझं सगळ्यात जुनं वैर ‘प’शी. आता गंमत बघा, परमेश्वर, प्रभू, पिता, पवित्र आत्मा, सगळे नेमके त्या ‘प’च्या पलीकडे राहायला. बारामतीच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत संध्याकाळच्या उपासनेला गोल बसून ओळीनं एकेकानं प्रार्थना करायची रीत होती. माझी पाळी आली की सगळे डोळे मिटून वाट बघत, आणि शेवटी शेजारचा कुणी दयाळू माणूस माझं वाक्य पुरं करून टाकी. माझ्या वाट्याला उरायचं ते ‘आमेन’. ते मात्र मी खणखणीत म्हणायचो. लोकांत मी हसण्यावारी न्यायचो, पण घरी येताना वाटायचं, ज्यानं ही जीभ घडवली त्यालाच माझं ऐकायचं नसेल तर?

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी कालव्याच्या कचेरीत नकाशे काढायला होतो. रेघांशी काम, बोलायची गरज नाही. आईवडील मागंच गेले होते, मला आत्यानं वाढवलं. सुगीच्या उपकारस्तुतीला आसपासच्या गावची मंडळी पहिलं पीक घेऊन बारामतीला येत. त्या वर्षी शेळगावची एक मुलगी कमरेवर हा एवढा भोपळा घेऊन आली. तो वेदीपुढं ठेवताना गडगडत थेट माझ्या पायाशी आला आणि ती मोकळेपणी हसली. मला तीच हवीशी झाली. आत्यानं तिच्या वडिलांकडं निरोप धाडला. ते निवृत्त शाळामास्तर, तिथल्या मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार बघणारे, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचं उत्तर आलं ते असं, की मुलगा कमावतो किती ते मला विचारायचं नाही. घरी यावं, आमच्यात बसून कुटुंबाची प्रार्थना चालवावी, आणि ती पाठ केलेली नसावी.

झालं. आग लागली ती नेमकी माझ्याच गंजीला. कित्येक दिवस मी ‘प’ टाळून प्रार्थना रचत बसलो. देवा म्हणायचं, दयाळा म्हणायचं, पण मध्येच कुठंतरी पाप यायचंच. ते टाळणं तर कुणालाच जमलेलं नाही. आत्या म्हणाली, काळजी करू नकोस, तिथं गेल्यावर मी सांगते तुझा घसा बसलाय.

एसटीनं आम्हाला शेळगावच्या फाट्यावर सोडलं. पुढं चालत जायचं होतं. ऊन चढलेलं, म्हणून रस्त्याकडेच्या एका विहिरीवर पाण्याला थांबलो. एक शेतकरी मोट हाकत होता. आत्यानं त्याला गुरुजींच्या घराची वाट विचारली. त्यानं तोंड उघडलं आणि, “म... म... मा...” असा तिथंच अडकला. चेहरा लाल झाला. मला त्याचा कळवळा आला. मी पुढं होऊन म्हणायला गेलो की असू द्या, आम्ही शोधू, पण माझंही “अ... अ...” सुरू झालं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. त्यानं आसूड खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी मागं सरलो. आत्या मध्ये पडली. “दादा, रागावू नगा. ह्यो बी तसाच हाय,” ती म्हणाली. तो एकदम हसला, आणि मीही हसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या जातीचं माणूस भेटलं होतं.

मग तो बैलांकडं वळला. बैल धावेच्या उतारावरून खाली चालू लागले, मोट वर येऊ लागली, आणि त्यानं गाणं उचललं. आवाज मोकळा, कुठं खडा नाही. पाणी वरच्या हौदात, थारोळ्यात, ओतलं गेलं की तेवढ्यापुरता गप्प व्हायचा, आणि बैल मागं सरू लागले की गाण्याचा दुसरा अर्धा म्हणायचा. पुढच्या खेपेला मी कान टवकारले. तो आमची वाटच गात होता. मारुतीच्या देवळावरनं उजव्या हाताला वळा, आणि बैल मागं सरताना म्हणाला, चिंचंखालचं घर गुरुजींचं हाय. आत्या हसून हसून खाली बसली. पण मी हललो नाही. उपासनेतली गीतं म्हणताना माझीही जीभ अडत नसे, हे मला ठाऊक होतं. पण ती दुसऱ्यांनी बांधलेली. आपल्या मनातलं, आत्ताचं, कुणाला सांगायचं तेसुद्धा गाऊन सांगता येतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

गुरुजींच्या ओसरीवर चटई अंथरलेली होती. चहा झाला, बोलता बोलता दिवेलागण झाली. स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. गुरुजींनी दिव्याजवळ पवित्र शास्त्र उघडलं आणि डोंगरांकडं डोळे लावणाऱ्या माणसाचं स्तोत्र वाचलं. मग म्हणाले, “चालवा प्रार्थना. मनातलं येऊ द्या.” आत्या घशाचं सांगू लागली, मी तिचा हात धरून तिला थांबवलं. डोळे मिटले. “प... प... प...” रचलेलं सगळं पळून गेलं होतं. तेव्हा मी मनात म्हणालो, मला येत नाही बुवा, तूच बघ. आणि विहिरीवरची ती चाल आपोआप ओठांवर आली. आमच्या भागात डोंगर कुठला, सगळं सपाट. तेच मी गायलो,

“डोळे वर करू कुठं, समोर नुसता माळ...”

चालीतली मोट भरून वर आली, पण पुढचं काही सुचेना. मी थांबलो. लाज वाटली नाही, कारण ती चाल तिथं थांबतेच. आणि दाराआडून, पीठ मळता मळता उचलावा तसा, बाईचा आवाज आला,

“डोंगर करणाऱ्या देवा, तूच मला सांभाळ...”

ती भोपळेवाली मुलगीच, त्याच गावची, चाल तिच्या कानातली. मग मी एक अर्धा म्हणायचा, तिनं दुसरा. मी आत्याच्या गुडघ्यांसाठी मागितलं, तिनं पावसासाठी. विहिरीवरच्या त्या माणसासाठी मी मागितलं आणि रडू आलं, ते आनंदाचं होतं. शेवटी ‘आमेन’ झालं तेव्हा गुरुजींचे डोळे अजून मिटलेलेच होते. ते आत्याला म्हणाले, “मी तुमच्या मुलाला प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर माझ्या मुलीनं दिलं. आता मी काय बोलू?”

लग्नाला विहिरीवरचे ते मोटेवाले तात्या आले, पेरूंची पाटी घेऊन. आम्ही दोघं शेजारी बसून जेवलो, फारसं बोललो नाही, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

ह्याला कुणी चमत्कार म्हणावं की न म्हणावं, मी वाद घालणार नाही. माझी जीभ सुधारली नाही. ‘प’ अजून दार लावूनच बसलाय. पण पूर्वी अडलो की मी धडका मारायचो, आता थांबतो. माझी प्रार्थना मी एकट्यानं पुरी करायची आहे, असं मला वाटत होतं, तिथंच माझी चूक होती. अर्धी वर आणून ओतायची, बाकीची त्याच्यावर सोडायची, एवढंच माझं काम. ह्यासाठी मी त्याचे उपकार किती मानू! आमच्या घरी रोज संध्याकाळी अजून तशीच प्रार्थना होते, पहिला अर्धा माझा, दुसरा तिचा. ‘आमेन’ तेवढं दोघं मिळून म्हणतो, आणि हल्ली त्यातही तिचाच आवाज मोठा असतो.