मागचा बाक

मी जर्मनीला निघालो त्या सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, आणि धाकटे काका नाना मला सोडायला धुळ्याच्या स्टँडवर आले होते. पण झालं उलटंच, मीच त्यांना सोडायला गेल्यासारखं. त्या दिवशी हायकोर्टात दोघांची तारीख होती आणि संभाजीनगरची गाडी आधी लागली. आईनं एकाच फडक्यात दोघांच्या भाकरी बांधल्या होत्या. "पोचना का फोन कर," एवढं बोलून आबा चढले आणि खिडकीची जागा त्यांनी नानांना दिली. माझी पुण्याची गाडी बरीच नंतर आली.

इथे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण हे दोघं एकमेकांविरुद्धच लढत होते. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दावा. धुळ्यात निकाल आबांच्या बाजूने लागला, मग नानांनी अपील केलं. घरं भिंतीला भिंत लागून, पण गावात बोलणं बंद. बोलायचे ते तारखेच्या गाडीत. भाकरीचं फडकं सोडताना आबांचं वाक्य ठरलेलं, "भांडन वकीलस्नं शे, आपन कसाले उपाशी राहूत?" कोर्टातही मागच्या बाकावर दोघं शेजारी बसत. आमच्या वकिलांना याचा भारी वैताग यायचा.

पुढे सुनावण्या ऑनलाइन दिसू लागल्या. जळगावला दिलेल्या नानांच्या मुलीनं, सुनंदाताईनं, दोन्ही घरांत लिंक पाठवली, मलाही पाठवली. पहिल्या वेळी ते दोघं अजून कोर्टातच गेले होते आणि मी इथे कॉफी गार करत पडद्यावर आबांची टोपी शोधत होतो. दिसले ते फक्त न्यायमूर्ती आणि वकील. तरी ऊर भरून आला. न्याय कसा होतो ते कुणालाही, कुठूनही बघता यावं, हे मला आजही मनापासून पटतं.

आबांनाही पटलं. "बठ्ठं घरबसल्या दिखस, आते कसाले जावानं?" कंबरेला वाटेतला घाट सोसत नव्हताच. नानाही घरी राहिले. आई सांगायची, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकच जज्ज बोलतो, पलीकडचा जरा मागून. आम्ही फोनवर पोट धरून हसायचो. ते हसणं आता आठवलं की जिवाला लागतं.

गेल्या वर्षी नाना अचानक गेले. त्यांच्या जागी वारसांची नावं लागली, आणि परवा अपील फेटाळलं गेलं. मी ऑफिसातूनच बघितलं आणि लगेच आबांना फोन लावला. मग त्यांनी आईलाही न सांगितलेलं सांगितलं. दोघं मिळून कोर्टात गेले त्या शेवटच्या खेपेला, परतताना, गाडी कन्नडच्या घाटाआधी चहाला थांबली होती. तिथे नाना म्हणाले होते, "भाऊ, पुढली तारीखले मिटाडी टाकूत. एक दिन तू पानी ले, एक दिन मी." आबांनी मान डोलावली होती.

पुढली तारीख आली ती मोबाईलवर. गाडीच नाही, तर बोलायचं कुठे? दोघं आपापल्या खाटेवर बसून, दुसऱ्यानं आधी हाक मारावी म्हणून वाट बघत राहिले. भिंत वीतभर जाडीची.

"मग आता ताईला द्या ना पाळी," मी म्हटलं.

"पाळी मी देनारच शे. पन नानाले सांगू कसं?"

आपल्यासारख्या परदेशी गेलेल्यांना लोक विचारतात, घराची आठवण येते का. येते. पण डोळ्यांसमोर येतं ते घर नाही, विहीरही नाही. दोन म्हातारे एका फडक्यातून खाताहेत, एवढंच येतं, आणि ते मी कधी प्रत्यक्ष बघितलेलंही नाही.

आबांनी शेवटी विचारलं, "ते पहिलं परत दखता येस का? मांगला बाक दिखस का त्यामां?" दोघं कोर्टात गेले होते त्या पहिल्या सुनावणीचं रेकॉर्डिंग मी शोधून काढलं. कॅमेरा काही मागे वळत नाही. पण आमचा नंबर पुकारल्यावर मागून कुणीतरी दोनदा खोकतं. मी फोन कॉम्प्युटरजवळ धरला.

"नानाच शे," आबा म्हणाले. "परत लाव."