वयाची अट

जहाजावर सत्तरीच्या पुढच्या माणसांना घेत नाहीत, असं मी माझ्या आईला सांगितलं होतं. असा काही नियम नव्हता. तो मी आमच्या बोरिवलीच्या स्वयंपाकघरात, चहाचा कप विसळता विसळता तयार केला. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला जहाज सुटलं त्या दिवशी बरंचसं कळलं असावं. पण तिला कळणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं.

मी अंधेरीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेम तपासतो. समोरच्याने दिलेलं कारण खरं आहे की बनवलेलं, हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. बनवलेलं कारण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर असतं. साहेब, डॉक्टर म्हणाले. साहेब, गॅरेजवाला म्हणाला. मीही तेच केलं. "कंपनीचा नियम आहे आई, मी तरी काय करणार?"

आमची चार दिवसांची क्रूझची सहल ठरली तेव्हा आईने विचारलं होतं ते इतकंच: "माका पण न्हेतलस काय रे?" भाकरीचं पीठ मळत होती, वर बघितलंही नाही. ती तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. रोज दोन जिने उतरून भाजी आणायची, भाजीवाल्याशी भांडून आनंदात वर यायची. आणि बोटीबद्दल बोलायचा हक्क आमच्या घरात फक्त तिचाच होता. लग्न झाल्यावर ती देवगडहून बोटीनेच मुंबईला आली. भाऊच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्या सासऱ्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची, बोट लागून वाट लागलेली, आणि ही नवी नवरी एका हाताने त्यांचं डोकं धरून दुसऱ्या हाताने पिशवीतले काजू खात होती. "माका बोट लागाक नाय," हे ती आजही अशा थाटात सांगते, की पोहूनच आली असावी. पुढे त्या बोटी बंद पडल्या. गावी एसटीने जाणं सुरू झालं. त्यानंतर ती समुद्रावर पुन्हा कधी गेली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी नियम सांगितला.

बायकोला वेगळं सांगितलं. "आई नको म्हणतेय. तुम्हीच जा म्हणतेय." बायको म्हणाली, "मी विचारून बघू का?" मी म्हणालो, "नको. दोनदा विचारलं की तिला वाटतं आपण बळेच नेतोय." दोघी एकाच घरात राहात होत्या, आणि दोघींमध्ये मी असा दोन बाजूंनी कडी घालून बसलो होतो.

कारण विचाराल तर ते लाज वाटावी इतकं लहान आहे. आई कुणाशीही बोलते. डॉक्टरच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईला तिने माझ्या मूळव्याधीच्या ऑपरेशनपासून माझ्या अडलेल्या प्रमोशनपर्यंत सगळं सांगितलं होतं. लग्नात जेवण उरलं की पर्समधून डबा निघतो. मी आमच्या जहाजाची चित्रं बघत होतो, पांढरे टेबलक्लॉथ, काचेचे उंच ग्लास, आणि त्या चित्रात तो डबा मला नको होता. आणखीही एक होतं. बाबा गेल्यापासून सहा वर्षं प्रत्येक सुट्टी तिच्या औषधांवर आणि तिच्या उपासांवर बेतलेली होती. मला चार दिवस कुणाचा मुलगा व्हायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी माझी मुलुंडची बहीण आईच्या सोबतीला येऊन राहिली. बायको सामान घेऊन खाली टॅक्सीत जाऊन बसली. मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी पायात चपला घालत होतो तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा. गाऱ्हाणा घालूक होया."

आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातलं मोठं माणूस मोठ्या आवाजात देवाशी बोलतं, काही लपवायचं नाही, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार द्यायचा. आईने ओंजळीत नारळ धरला, देव्हाऱ्याकडे तोंड केलं आणि सुरू झाली.

"बा देवा म्हाराजा, आज ही माजी पोरां दर्यातसून चलली हत. तेंच्या वाटेत खयचा इघीन येव देव नको."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"बोट सरळ ने आणि सरळ परत हाड."

"व्हय म्हाराजा."

मग तिचा आवाज थोडा खाली आला. "माजा वय झाला म्हणान माका घेवक नाय. तेचो राग बोटवाल्यांवर काढू नको. तेंचो कायदो हा, ते तरी काय करतले?"

"व्हय म्हाराजा," माझी मुलगी जोरात म्हणाली. तिला या प्रकारात फार मजा येते. आईने माझ्याकडे बघितलं, कारण माझा रुकार आला नव्हता. सगळ्यांनी म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

क्लेमच्या फाइलीत खोटी सही करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. देवासमोर, आईच्या तोंडून आलेल्या स्वतःच्याच खोट्यावर सही करणारा मात्र मी एकटाच भेटलो.

बंदरावरच्या टर्मिनलमध्ये शिरलो आणि पहिली पाटी दिसली ती 'ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी रांग'. रांग चांगली लांब होती. काठ्या, व्हीलचेअर, कानटोप्या, थर्मास. मुलगी दुसरीकडे बघत होती. अस्वलाचा गुबगुबीत पोशाख चढवलेला एक माणूस मुलांना टाळ्या देत होता. बायको मात्र त्या रांगेकडे बघून म्हणाली, "आईंनी उगाच हट्ट केला. आल्या असत्या तर किती बरं झालं असतं."

"हो ना," मी म्हणालो.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी जे जे करायचं ते सगळं आम्ही केलं. मोठ्या बॅगा तिथेच सोडून द्यायच्या असतात, त्या परस्पर खोलीपाशी येतात, हे माहीत नसल्यामुळे मी बॅगेचं हँडल सोडेना आणि तिथला पोरगेलासा कर्मचारी "सर, छोडिए, भागेगी नहीं" म्हणून हसायला लागला. गळ्यात कार्ड अडकवलं. खोलीत गेलो तर ती आमच्या हॉलपेक्षा लहान, पण एका गोल खिडकीत सगळा समुद्र. चार माणसांची खोली होती. खाली दोन पलंग आणि वर भिंतीत मिटवलेले दोन. खोली आवरणाऱ्या माणसाने वरचे दोन्ही उघडले, चादरी घातल्या, उशा ठेवल्या आणि विचारलं, "चौथा मेंबर पीछे से आ रहा है?"

"नाही, तिघंच," बायको म्हणाली आणि तिने चौथ्या पलंगावर आमच्या हातातल्या पिशव्या ठेवून दिल्या.

दुपारी जेवायला गेलो. पांढरे टेबलक्लॉथ कुठेच नव्हते. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि हवं ते वाढून घ्यायचं, कुठल्याही लग्नातल्यासारखं. शेजारच्या टेबलावर घाटकोपरचं एक गुजराती कुटुंब होतं, वीस-बावीस माणसं, सगळ्यांच्या अंगात पिवळे टीशर्ट. त्यांच्या आजीनेही पांढऱ्या साडीवर तोच टीशर्ट चढवला होता आणि पायात नातवाचे असावेत असे बूट. तिच्यासमोर स्टीलचा डबा उघडा होता, त्यात थेपले. तिने मला हाक मारून दोन थेपले माझ्या ताटात टाकले.

"पहली बार?"

"हां."

"मेरा तीसरा है," ती म्हणाली. "मम्मी-पप्पा को नहीं लाए?"

"पप्पा नहीं हैं. मम्मी को चलने का प्रॉब्लेम है."

तिने तिथेच उभ्या केलेल्या स्वतःच्या व्हीलचेअरकडे अंगठा दाखवला. "तो इसको किसलिए रखते हैं?"

सगळं पिवळं टेबल हसलं. मीही हसलो. मग तिने दिलेले दोन्ही थेपले संपवले.

जेवण झाल्यावर सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. काही झालं तर कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, हे शिकवायला. त्यात अस्वलही होतं आणि त्याला जॅकेट बसत नव्हतं म्हणून मुलं हसून लोळत होती. माइकवरची मुलगी म्हणाली, ज्यांच्यासोबत आजी-आजोबा असतील त्यांनी हात वर करा, त्यांना मदतीला आमचा माणूस येईल. हॉलभर हात वर झाले.

माझ्या मुलीने ते हात बघितले. मग मला म्हणाली, "बाबा, इथे तर केवढे आजी-आजोबा आहेत! मग आपल्या आजीला वयामुळे का नाही घेतलं?"

बायको जॅकेटचा पट्टा आवळत होती. तिचे हात थांबले. "वयामुळे म्हणजे?"

"अगं आई, आजी गाऱ्हाण्यात म्हणाली ना. वय झालं म्हणून घेतलं नाही, बोटवाल्यांचा कायदा आहे. हो ना बाबा?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. भांडणाऱ्या बाईचा चेहरा नव्हता तो. भांडली असती तर सोपं गेलं असतं. ओळखीचा समजून हाक मारावी आणि वळलेला माणूस दुसराच निघावा, तेव्हा आपण जसं बघतो, तसं ती बघत होती. मग तिने मुलीच्या जॅकेटची क्लिप लावली आणि म्हणाली, "आजीला फोन कर म्हणावं बाबांना. जहाज सुटायच्या आत."

आम्ही वरच्या डेकवर गेलो. जहाज सुटत होतं. बोटीला झटका बसेल, धूर निघेल असं काहीतरी मला वाटत होतं. प्रत्यक्षात धक्काच गुपचूप मागे सरकायला लागला. मी व्हिडिओ कॉल लावला. बहिणीने फोन आईच्या हातात दिला. नेहमीप्रमाणे आधी तिचं कपाळ दिसलं, मग पंखा, मग ती.

"इल्यात बोटीर? बोट हलता काय रे?"

"नाही गं, कळतसुद्धा नाही."

"जेवलात? माशे होते?"

"होते."

"दाखव, दर्या दाखव."

मी फोन फिरवला. पाणी दाखवलं, कठडा दाखवला, दूर होत जाणाऱ्या इमारती दाखवल्या. ती "अगो बाय", "अगो बाय" करत होती. फोन फिरवताना मध्ये पिवळा टीशर्टही आला असणार, कारण ती एकदम थांबली.

"ती मागे चाकाच्या खुर्चीत बसली हा ती कोण रे?"

"कोणी नाही. प्रवासी आहे."

"माज्यापेक्षा मोठी दिसता."

तिथे मला बोलता आलं असतं. नीट संधी होती. बायको हातभर अंतरावर उभी होती, सगळं ऐकत होती, आणि मला वाटतं ती वाटच बघत होती. एक वाक्य होतं, फार तर दोन. आई स्क्रीनकडे बघत होती. चष्मा नाकावर घसरलेला, ओठ किंचित उघडे. तिने नेटवर्कमुळे थांबावं तसं केलं, पण चित्र थांबलेलं नव्हतं. मागे पंखा फिरत होता.

मग तीच म्हणाली, "तेंच्याकडे डाक्टराचो कागद असतलो."

मी म्हणालो, "हो. तसंच असेल."

"मगे बरा. माजे पण गुडघे काय धड नाय. तुमी मजा करा." आणि फोन बंद करायला तिने बहिणीला हाक मारली.

बायको वळली. मुलीला घेऊन खाली अस्वलाच्या नाचाला गेली. संध्याकाळी मी खोलीत आलो तेव्हा चौथ्या पलंगावरच्या पिशव्या तिने खाली काढून ठेवल्या होत्या आणि चादर सरळ केली होती. त्यावर कुणी झोपणार नव्हतं. पुढचे दोन दिवस आम्ही पोहलो, फोटो काढले, मुलगी हसली म्हणून आम्हीही हसलो. सहल चांगली झाली असंच कुणीही म्हणेल.

याला आता तीन वर्षं होतील. आईचे गुडघे तेव्हा फक्त बोलण्यात धड नव्हते, आता खरोखरच नाहीत. ती जिना उतरत नाही. भाजीवाला वर येतो आणि भांडण दारात होतं. मी तिला मढच्या फेरीबोटीतून तरी फिरवून आणावं म्हणून एकदा वर्सोव्याला जायचा विषय काढला. ती म्हणाली, "आता खय रे." बोटीच्या नियमाचा विषय तिने कधी काढला नाही. मीही काढला नाही. त्या दिवशी तिने कारण हुडकून माझ्या हातात दिलं, आणि मी आपलं घेतलं, वाढलेलं ताट घ्यावं तसं. मला घरी सगळे शांत स्वभावाचा म्हणतात. न बोलण्याचे फायदे मला लवकर कळले, एवढंच.

हे लिहितोय तेव्हा ती पलीकडच्या खोलीत माझ्या बहिणीशी फोनवर बोलते आहे, आणि सोसायटीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी उठून तिच्यासमोर जाऊन बसू शकतो. अजून गेलेलो नाही. तिच्यापाशी जाऊन मला इतकंच सांगायचं राहिलं आहे: आई, तसा नियम नव्हता, कुणाला कागद लागत नव्हता, मीच तुला नेलं नाही.