भिंतीपलीकडून ‘मामाजी’
लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सासऱ्यांशी मी समोरासमोर बोलले नव्हते. आमच्या एकोडीच्या घरात सुनेने मामाजींपुढे, म्हणजे सासऱ्यांपुढे, चेहऱ्यावर पदर ओढायचा आणि काय सांगायचं ते सासूबाईंकडून सांगायचं. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. रीत मात्र जागची हलली नाही. दिवसभर दुकानात बसून गावाचे ऑनलाइन अर्ज भरणारी मी, घरात मुकी. हसा खुशाल.

मग मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब. चुकवलं तर डोळा गमवाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा सकाळीच लाखांदूरला कामावर जातो. पहिल्याच दिवशी मामाजी दोनदा विसरले आणि संध्याकाळपर्यंत डोळा लालभडक झाला. मला स्वतःचीच चीड आली.

माझं दुकान आणि नवा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत. जुना कॉम्प्युटर आत, मामाजींच्या खाटेशेजारी. दोन्ही एकाच वायफायवर. इथून त्याला हुकूम सोडता येतो हे मला ठाऊक होतं. त्याला मराठीत बोलायलाही लावता येतं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी खटपट करून शोधलं. मी टाइप केलं आणि भिंतीपलीकडे एक बाई ठसक्यात म्हणाली, “मामाजी, डोळ्यात थेंब टाका.”

मग मामाजींचा आवाज आला, “टाकतो ना बा! काहून ओरडून राहिली?”

तीन दिवस त्या दोघांचं छान जमलं. डोळ्याची लालीही उतरली.

चौथ्या दिवशी उत्तरच आलं नाही. मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा एकदा. मग गिऱ्हाइकाला तसंच बसवून, पदर-बिदर विसरून आत धावले. “मामाजी! थेंब टाकले का?”

ते खाटेवर आरामात बसले होते. औषधाची बाटली हातातच होती.

“कवाचे टाकले. मशीन मले मामाजी म्हणाली, तवाच समजलो कोण बोलून राहिलं ते. म्हटलं, आज चूप राहून पाहू, सून येते का.”

इतकं हायसं वाटलं की मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि हसता हसता रडले. मग भान आलं, हात पदराकडे गेला.

“राहू दे,” मामाजी म्हणाले. “आता कुठं तुया चेहरा साफ दिसून राहिला.”